घडा पालथा झाला कधी?

‘पोरांना शिकायचंच नाही’ अशा मथळ्याचा एक मजकूर गेले काही दिवस पालकांच्या आणि शिक्षकांच्या गटांत फिरतो आहे. माझ्याकडे तो एकाच दिवशी चौघांकडून आला, त्यातले दोघे माझेच सहकारी. मजकुराचा गोषवारा असा : आजकालच्या पोरांना शिकायचंच नाही. इच्छा असेल तरच शिकवता येतं, नसेल तर ब्रह्मदेवालाही जमणार नाही. उपाय दोनच, बक्षीस किंवा धाक. मोबाइल काढून घ्या, निम्मं काम तिथेच होईल. आईवडिलांनी रोज शेजारी बसून अभ्यास करून घ्यावा. एवढं करूनही पोर ढिम्म हलत नसेल तर पालथ्या घड्यावर पाणी ओतत बसू नका. वेळ आली की आपोआप शुद्धीवर येईल.

यातला वैताग खरा आहे. मी आठवी-नववीला गणित शिकवते. मागच्या बाकांवर टेकलेली डोकी बघून मीही मनातल्या मनात हेच सगळं म्हटलेलं आहे. पण वैताग हे काही निदान नव्हे, आणि या मजकुरातलं प्रत्येक वाक्य निदान म्हणून तपासलं तर लंगडं पडतं. म्हणून एकेक घेते.

‘आजकालच्या पोरांना शिकायचंच नाही.’

यातलं ‘आजकालच्या’ आधी काढून टाकू. किशोरवयात शाळेतली गोडी कमी होते हे मुलांच्या हाती मोबाइल यायच्या आधीपासून नोंदवलेलं आहे. मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एक्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली याची मांडणी केली. मुलाला आपलं मत हवं असतं, थोडी मोकळीक हवी असते, घराबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाशी जवळीक हवी असते. नेमकं त्याच वयात शाळा मोठी होते, नियम वाढतात, तासागणिक शिक्षक बदलतात आणि गुणांवरून उघड तुलना सुरू होते. मूल एका दिशेला वाढतं आणि शाळा दुसऱ्या. गोडी आटते त्यात मुलाचा दोष किती आणि या विसंगतीचा किती, हे मजकूर लिहिणाऱ्याने विचारलेलंच नाही.

टेकलेल्या डोक्यांबद्दल एक साधी गोष्ट. या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं. रात्री झोप उशिरा येते आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०१६ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी ७.५० ऐवजी ८.४५ ला भरवायला सुरुवात केली. तिथल्या दोन शाळांत मोजणी झाली तेव्हा मुलांची झोप रोज सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली निघाली. मिळालेला वेळ त्यांनी जागरणात घालवला नव्हता. पहिल्या तासाला पेंगणारं मूल आळशी आहे की अर्धवट झोपेतून उठून आलंय, हे दुरून बघून मला तरी सांगता येत नाही.

‘इच्छा असेल तरच शिकवता येतं.’

माझा खरा झगडा या वाक्याशी आहे, कारण बाकीचा सगळा मजकूर त्याच्यावर उभा आहे. आधी इच्छा, मग शिकणं, हा क्रम सगळ्यांनी गृहीत धरलेला आहे.

नववीतला एक मुलगा. वही कोरी, चेहरा कोरा, विचारलं की ‘मला नाही आवडत गणित’ एवढंच. एकदा त्याच्यासमोर साधं समीकरण ठेवलं : क्ष/३ + क्ष/४ = ७. त्याने पेनाला टोपण लावलं. मी म्हटलं, क्ष राहू दे, नुसती १/३ आणि १/४ ची बेरीज कर. त्याने लिहिलं २/७. वरचे वर मिळवले, खालचे खाली.

अपूर्णांकांची बेरीज पाचवीच्या आसपास शिकवतात. म्हणजे तेव्हापासून गुणोत्तर, शेकडेवारी, बीजगणित, जे जे अपूर्णांकावर उभं आहे ते सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं होतं, रोज, चार वर्षं. आणि तो ते कुणालाही सांगणार नव्हता. चौदाव्या वर्षी ‘मला येत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘मला करायचं नाही’ म्हणण्यात अब्रू राहते. ज्याला आपण अनिच्छा म्हणतो ती पुष्कळदा झाकलेली लाज असते.

हे नुसतं माझ्या वर्गातलं निरीक्षण असतं तर एवढं जोर देऊन लिहिलं नसतं. २०१६ मध्ये कॅनडातल्या सुमारे दीड हजार प्राथमिक शाळेतल्या मुलांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गणित आधी जमलं आणि मग गोडी वाढली, असा संबंध त्यात दिसला. आधीच्या गोडीमुळे पुढे गणित सुधारलं, असा उलटा संबंध दिसला नाही. ती मुलं लहान होती, आणि एका अभ्यासावर सगळं जग तोलू नये. पण ‘आधी इच्छा’ हा क्रम दगडावरची रेघ नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

आणखी एक धागा आहे. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले होते. आपण काहीही केलं तरी विजेचा झटका थांबत नाही असा अनुभव घेतलेली कुत्री पुढे सुटका शक्य असतानाही पडून राहिली. ‘शिकलेली असहायता’ हे नाव तेव्हाचं. पन्नासेक वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी आपलं जुनं स्पष्टीकरण फिरवलं. दीर्घकाळ त्रास झाला की गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, म्हणाले. शिकावं लागतं ते उलट, म्हणजे ‘माझ्या करण्याने काही बदलतं’ हे. आपलं मत असं जाहीरपणे उलटं करणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल मला आदर वाटतो. आणि कोऱ्या वहीकडे बघण्याची माझी रीतही त्याने बदलली. त्या मुलाची इच्छा मेली आहे का, हा प्रश्न मी सोडून दिला. गेल्या चार वर्षांत गणिताच्या तासाला त्याच्या करण्याने एकदा तरी काही बदललं होतं का, हे विचारायला लागले.

‘उपाय दोनच, बक्षीस किंवा धाक.’

बक्षिसावर टीका करणारे नेहमी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांचा १९७१ चा प्रयोग सांगतात. कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेले विद्यार्थी पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळेत त्या कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावू लागले. प्रयोग खरा आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तो आपल्या प्रश्नाला पुरता लागू होत नाही. ज्याला गोडीच नाही त्याची गोडी बक्षिसाने कमी काय होणार? डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हाही कंटाळवाण्या कामात बक्षिसाने असं नुकसान दिसलं नव्हतं.

तेव्हा बक्षीस विषारी आहे म्हणून मी नको म्हणत नाही. ते कशासाठी दिलं जातं हा माझा मुद्दा आहे. रोलंड फ्रायर या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतल्या चार शहरांत शाळकरी मुलांना रोख पैसे देऊन पाहिले आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. जिथे गुणांसाठी पैसे होते तिथे गुण जवळपास हलले नाहीत. जिथे लहान मुलांना पुस्तक वाचून त्यावरचे प्रश्न सोडवण्याचे पैसे मिळाले तिथे थोडी सुधारणा दिसली. कारण शोधताना एक गोष्ट समोर आली, ती वाचून मी थबकले. जास्त पैसे मिळवायला काय करशील असं विचारल्यावर मुलं परीक्षेतल्या क्लृप्त्या सांगत होती : प्रश्न नीट वाचीन, उत्तरं पुन्हा तपासीन. जास्त अभ्यास करीन, शिक्षकांना विचारीन, असं म्हणणारी फार थोडी. पैसे त्यांना हवे होते. तिथवर पोचायची वाट माहीत नव्हती.

२/७ लिहिणाऱ्या मुलाला ‘पंच्याऐंशी टक्के मिळव, सायकल घेऊन देतो’ म्हणणं म्हणूनच व्यर्थ. ‘आज छेद समान करायची पाच उदाहरणं’ हे त्याच्या हातातलं आहे. त्यावर एखादं छोटं बक्षीस ठेवलंत तरी माझी हरकत नाही.

धाकाबद्दल फार लिहीत नाही. धाकाने वही भरते, हे मान्य. कशाने भरते ते बघायचं असेल तर शेजारच्या मुलाची वही बाजूला ठेवून ताडून पाहा.

‘मोबाइल काढून घ्या.’

रात्री झोपायच्या खोलीतून काढा, जरूर. वर झोपेचं लिहिलंच आहे. पण मोबाइल गेल्याने जो हाती लागतो तो रिकामा वेळ. ज्याला धडा उघडल्यावर पहिल्याच ओळीत अडखळायला होतं, तो त्या वेळेत छताकडे बघेल.

‘आईवडिलांनी रोज शेजारी बसावं.’

नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये पन्नास अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तोही साधारण याच वयोगटाचा. गृहपाठात मदत करणं आणि मुलाची प्रगती यांचा संबंध त्यात उलटा निघाला. इथे सावध राहायला हवं, कारण अडलेल्याच मुलाला घरी मदत मिळते, त्यामुळे आकडा तसाही उलटा दिसू शकतो. पण याच आढाव्यात ज्याचा संबंध सगळ्यांत घट्ट निघाला ती गोष्ट वेगळीच होती : शिकण्याचं मोल काय, हे कशाला उपयोगी पडेल, तुला पुढे काय करावंसं वाटतं, अशा गप्पा. हुकूम न सोडता केलेल्या गप्पा.

पालक मला विचारतात, म्हणजे लक्षच द्यायचं नाही का? द्यायचं. पण आठ वाजता शेजारी खुर्ची टाकून बसलेली आई ही त्या वयाच्या मुलाला पहारा वाटते, आणि पहाऱ्यातून निसटणं हा मग त्याचा मुख्य अभ्यासक्रम होतो. ‘आज काय अडलं?’ एवढं विचारून, उत्तर आलं नाही तरी न चिडता उठून जाणं जास्त कठीण आहे. मला घरी ते अजून जमलेलं नाही.

‘पालथ्या घड्यावर पाणी ओतू नका, आपोआप शुद्धीवर येतील.’

आपोआप तर काही होत नाही. न समजलेला भाग व्याजासारखा वाढतो. पाचवीत पंधरा दिवसांचं काम असलेली गोष्ट नववीत चार वर्षांची थकबाकी होते. ‘वेळ आली की’ म्हणणाऱ्यांना वाटतं शेवटच्या वर्षी भीती त्याला पळवेल. कुठे पळेल?

एक इशारा इथेच देते. शाळाच नव्हे तर खेळ, मित्र, आवडत्या गोष्टी या सगळ्यांवरूनच मन उडालं असेल, झोप-भूक बिघडली असेल, सारखी चिडचिड होत असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर ते आळसाचं प्रकरण नाही. या वयात नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसतं. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठा, आणि हे फिरते मजकूर तोवर बंद ठेवा.

आता ‘ओतू नका’बद्दल. घडा पालथा असेल तर तो सुलटा करायला जे लागतं ते आश्चर्य वाटावं इतकं छोटं असू शकतं. ख्रिस हलमन आणि ज्युडिथ हॅराकविझ यांनी २००९ मध्ये नववीच्या विज्ञानाच्या वर्गांत काही मुलांना अधूनमधून एक परिच्छेद लिहायला सांगितला : शिकलेल्या गोष्टीचा माझ्या आयुष्याशी काय संबंध? बाकीच्यांनी फक्त धड्याचा सारांश लिहिला. ज्यांना आपल्याला जमणार नाही असंच वाटत होतं, त्यांची गोडी आणि गुण पहिल्या गटात वाढले. इथे संबंध मुलांनी स्वतः शोधला होता. आपण वर्गात उभं राहून ‘हे तुम्हाला पुढे उपयोगी पडेल’ सांगतो, ते त्यांना सूचनाफलकासारखं ऐकू येतं.

माझ्या त्या मुलाला मी आठवड्यातून दोनदा, वर्ग रिकामा झाल्यावर, पंधरा मिनिटं अपूर्णांक शिकवले. इतरांसमोर नाही, ही त्याची अट होती. बोलून दाखवलेली नव्हे, मला कळलेली. दोनदा तो आलाच नाही. वर्षाच्या शेवटी तो जेमतेम पास झाला, तेव्हा कुणी ही यशोगाथा म्हणून पुढे पाठवू नका. त्याआधी एक दिवस मात्र तास संपल्यावर तो टेबलाशी येऊन म्हणाला, फळ्यावरची तिसरी पायरी चुकली आहे. चुकली नव्हती. पण वहीत त्याने तिथपर्यंतच्या दोन पायऱ्या स्वतः लिहिल्या होत्या.