बोटाएवढा मासा, हातभर सल्ला

नवी फिश टँक घेतलीत? अभिनंदन. त्यात कोणकोणते मासे एकत्र सोडावेत हे विचारायला तुम्ही अगदी योग्य माणसाकडे आलात. आमच्या बाल्कनीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत आजवर 19 मासे पुरले आहेत आणि मोगरा असा बहरलाय की शेजारच्या काकू फांदी मागून गेल्या. एवढा अनुभव गाठीशी असल्यावर सल्ला द्यायला आणखी काय लागतं?

पहिली गोष्ट म्हणजे घाई करा. टाकी दुपारी आली की मासे संध्याकाळी आलेच पाहिजेत. काही अतिशहाणे सांगतील की फिल्टर लावून, रोज चिमूटभर खाद्य टाकून टाकी चार-सहा आठवडे माशांविना चालू ठेवा. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला तेवढा वेळ लागतो म्हणे. आता मला सांगा, पाहुणे आल्यावर त्यांना काय दाखवायचं? जिवाणू? सरळ नळाचं पाणी भरा. त्यात क्लोरीन असतं, पण आपण तेच पितो की. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले तर ते तुम्हाला ओळखू लागले असं समजावं. दुकानदार एक निळं औषध देईल, तेही घ्या. त्यानं मासा वाचेलच असं नाही, पण टाकीच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. तेवढीच आठवण.

आता निवड. सुरुवात वास्तूपासून करावी. आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा, हा हिशेब तुम्हाला कुणीही सांगेल. मासा मेला की घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं असं मानतात. तुमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर 56 लिटर. गोल्डफिश नीट वाढला तर चांगला वीतभर होतो, दहा-पंधरा वर्षं जगतो आणि खातो त्या मानानं घाणही भरपूर करतो. असे नऊ. पण ते नीट वाढले तर ना! आमच्याकडचे नऊच्या नऊ अकरा दिवसांत गेले. एवढी नऊ संकटं आमच्या दारात उभी होती हे तोवर आम्हाला माहीतही नव्हतं. दोन रात्री झोप लागली नाही.

वास्तू झाली की रंगसंगती. गोल्डफिशला पाणी थंडसर लागतं आणि एंजल, टेट्रा यांना 25-26 अंशांच्या आसपासचं, पण सोफ्याच्या कव्हरला शोभत असतील तर तपमानाकडे कोण बघतं? एंजल तर घ्याच. त्याचे लांब झिरमिळ्यांसारखे पर तरंगताना छान दिसतात, आणि ते कुरतडायला पट्टेरी टायगर बार्ब घ्या. हा सात-आठच्या घोळक्यात असला की आपापसांत भांडत बसतो. म्हणून दोनच आणा, म्हणजे त्यांना एंजलकडे पूर्ण लक्ष देता येईल. मग हातासरशी चमचमणारे निऑन टेट्रा. एंजल मोठा झाला की निऑन गिळतो, असं पुस्तकात असतं. पण दोघेही मूळचे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले, म्हणजे एका गावचे. एका गावच्यांचं एकमेकांशी पटतंच, असं तुम्हाला वाटत असेल तर तुमचं गाव मला एकदा बघायचं आहे.

फायटर नर दोन घ्या, एकाला करमत नाही.

गप्पी मात्र चुकूनही घेऊ नका. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ असं आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं वाचत आपण मोठे झालो. जो मासा डासांच्या अळ्या खायला सरकार गावच्या हौदात सोडतं, तो दिवाणखान्यात ठेवून अब्रू का घालवायची? तो लहानच राहतो, कुणाच्या वाटेला जात नाही, आपलं पाणी त्याला मानवतं, वर पिल्लांनी टाकी भरून टाकतो. असला मासा जगवण्यात पराक्रम तो काय?

अस्मितेचा विचारही व्हावा. लाल-काळ्या पट्ट्यांचा एक देखणा मासा ‘मिस केरळ’ म्हणून विकतात. शास्त्रज्ञांनी 2013 साली त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ असं नाव दिलं. झालं की! तो केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या घाटातल्या नद्यांत राहतो, महाराष्ट्रात नाही, पण नावात सह्याद्री असल्यावर इतकं बारीक पाहू नये. त्याला थंड, वाहतं पाणी आणि चारचौघांचा कळप लागतो, शिवाय तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. दोन घेऊन टाका, यादी तरी संपेल.

आणि आता शार्क. मुलं बरोबर असतील तर यातून सुटका नाहीच. चंदेरी अंग, पाठीवर उभा पर, बोटाएवढी लांबी. दुकानदार म्हणतो ‘शार्क’ आणि चिरंजीव टाकीला नाक लावून उभे राहतात. अशा वेळी ‘हा किती मोठा होतो?’ असा प्रश्न ओठांवर येईल. तो गिळा. विचारलातच तर उत्तर मिळेल, ‘टाकीएवढाच वाढतो, साहेब.’ हा खरं तर पंगास. त्याच्या नदीत तो मीटरभरापेक्षा लांब होतो, आणि रविवारी हॉटेलात आपण ‘बासा’ म्हणून लिंबू पिळून खातो, तो बहुतेक वेळा हाच असतो. घरी तो दिवा लावला की दचकतो आणि काचेवर डोकं आपटतो. आमच्या शार्कचं नाव चिरंजीवांनी वाघ्या ठेवलं होतं. कुंडीत तो वाकवून बसवावा लागला.

शेवटी सकर. काच साफ करतो म्हणून घ्यायचाच. पैसे देऊन मासा आणला आणि वर घरकामाची सोय झाली, याहून मोठा व्यवहार नाही. चार बोटांचा सकर वर्षा-दोन वर्षांत फूटभर होतो, मग शेवाळात त्याला गोडी राहत नाही आणि रात्री तो गोल्डफिशच्या अंगाला चिकटू लागतो. काच पुन्हा तुम्हीच पुसायची, वर त्याची विष्ठाही तुम्हीच काढायची.

मग जीवदान. पुण्यात असाल तर सोपं आहे: संध्याकाळी पिशवी घेऊन मुठेच्या पुलावर जायचं, इकडेतिकडे पाहायचं आणि सोडायचं. मुठेचं पाणी पुढे भीमेला मिळतं आणि भीमेचं उजनीत. तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात अलीकडे सकर येतातच. काटेरी अंगानं जाळी फाडतात, आणि बाजारात त्यांना कुणी विचारत नाही. पण तुमच्या पदरी पुण्य जमा झालेलं असतं.

मीही निघालो होतो एकदा, पिशवी घेऊन. जिन्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा भेटले. त्यांचं मूळ गाव भिगवण, भाऊ उजनीवर मासेमारी करतो. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “फिरायला निघालात?” मी हो म्हणालो, गेटपर्यंत चालत गेलो आणि परत आलो.

तेव्हापासून तो आमच्या निळ्या ड्रममध्ये आहे. धुण्याचं पाणी आता बादल्यांत भरून ठेवावं लागतं, त्यावरून घरात रोज बोलणी खातो. तर, तुमची टाकी किती फुटांची म्हणालात? काच छान साफ करतो हो. आणि काळजी नको, टाकीएवढाच वाढतो.