भोंगेवाला

काल संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे आण्णा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा फॉर्म छापून घ्यायला आले आणि नेमकं तेव्हाच माझं मशीन मेलं. काळ्या स्क्रीनवर कर्नल पॅनिकच्या, म्हणजे लिनक्सचा गाभाच कोलमडल्याच्या, इंग्रजी ओळी. आण्णांनी चष्मा कपाळावर सारला, स्क्रीनवर बोट टेकवलं आणि त्यातला एकच शब्द मोठ्यानं वाचला, "किल."

मग माझ्याकडे वळून, "कुणाला मारलास बे?"

"इनिटला, आण्णा."

"कोण हा?"

मशीन चालू झालं की कर्नल आधी एकाच प्रोग्रामला उठवतो, त्याचा नंबर १. बाकीच्यांना उठवायचं काम त्याचं. तो मेला की खेळ खलास. आदल्या रात्री त्याचं नवं पॅकेज बांधताना त्याला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, यादीत लिहायची राहिली आणि तो उठण्याआधीच गेला.

"म्हणजे गिरणीचा भोंगा!" आण्णा गिरणीत जॉबर होते. गिरणी गेली, भोंगा गेला, आण्णा अजून पहाटेच उठतात आणि जिन्यात खाकरून आम्हालाही उठवतात. "आणि तू भोंगेवाला."

"हो. पण बहुतेकांकडे सिस्टमडीचा भोंगा असतो. माझा वेगळा, रनिट."

"एक वाजतोय की. दुसरा कशाला?"

इथं मला गप्प बसता आलं असतं. मी सिस्टमडी निघालं तिथून, २०१० पासून, सुरुवात केली. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियन ह्या लिनक्सच्या मोठ्या प्रकल्पाच्या तांत्रिक समितीत मतं ४-४ पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मतानं सिस्टमडी आलं, हेही सांगितलं. ते आण्णांना चटकन कळलं. आमच्या सोसायटीत टाकीच्या कामावरून तेच झालं होतं आणि काम अध्यक्षांच्या जावयाला गेलं. डेबियनमध्ये जावई नव्हता, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

"पगार किती?"

"नाही."

"ओव्हरटाइम?"

"नाही."

"दिवाळीला चादर तरी?"

"शिव्या मिळतात."

"भोंगेवाल्याला पण पगार होता बे."

हसलो मी, पण लागलं. दोन वर्षांपूर्वी रनिटचं पॅकेज आधी सांभाळणारा सोडून गेला, तेव्हा "मी बघतो" म्हणालो. पंगतीत वरणाची बादली एकदा हातात घेतली की शेवटचा माणूस उठेपर्यंत ती खाली ठेवता येत नाही. प्रत्येक नवा प्रोग्राम त्याला कसं उठवायचं ते सांगणारी सिस्टमडीची फाइल घेऊन येतो. आमची 'रन' फाइल मी हातानं लिहायची. त्यात काहींना चालू झाल्याबरोबर मागच्या दारानं सटकून बॅकग्राउंडला जायची खोड. रनिटला वाटतं मेला, ते पुन्हा उठवतं. पुन्हा, पुन्हा. मग कुणीतरी परदेशातून लिहितो, 'आजच्या आज दुरुस्त करा.' नमस्कार नाही, काही नाही. जणू मी त्याच्या घरचा गडी.

शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याचं धुळकट विंडोज मिनिटभरात उठलं.

"ह्याच्या भोंगेवाल्याला पगार असतो?"

"असतो, आण्णा."

आण्णांनी फॉर्मची घडी करून खिशात घातली आणि पोराला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पैसे ह्याच्याकडून घे. घरी एकाला मारून आलाय."