पंखा फिरताना आला पाहिजे

विमानांच्या संग्रहालयात फोटो काढायला गेलो, तर ट्रायपॉड दारातच काढून घेतला. "स्टँड चालणार नाही, लोक अडखळतात." बरं. आत पाहतो तर दर दुसऱ्या माणसाच्या हातात दीड हात लांब सेल्फी स्टिक. ती कुणाच्या डोळ्यात गेली तर चालते म्हणायची.

समोर स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. 5 मार्च 1936 ला या जातीचं विमान पहिल्यांदा उडालं. लोक जीव टाकतात ते त्याच्या लंबगोल पंखांवर, आणि ते पंख नीट दिसतात वरून. वरच्या गॅलरीला साखळी लावलेली. खालून पाहावं तर शेपूट जमिनीला, नाक छताकडे. या नाकामुळे जमिनीवर चालवताना वैमानिकाला समोरचं काही दिसायचं नाही, म्हणून ते विमान नागमोडी नेत असत. मला मात्र समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं. पंखाखाली कुणीतरी ठेवलेली निळी कचऱ्याची बादलीसुद्धा.

उजेड असा, की विमानाची एक बाजू दिव्यांनी पिवळी, दुसरी खिडकीने निळी. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवला तर फोटोला घामोळं येतं. शेवटी कोपरं बरगड्यांना टेकवली, श्वास रोखला आणि शटर एक अष्टमांश सेकंद उघडं राहील असं ठेवून गर्दी हटायची वाट पाहत उभा राहिलो. चाळीस मिनिटं.

गर्दी हटली. काका हटले नाहीत.

काका दोरीला टेकून माहितीफलक मोठ्याने वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

"हे पंखावर लाल लाल काय? गोळ्या लागल्या तिथे पॅच मारलेत वाटतं."

खरं तर गप्प बसायचं. पण चुकीची माहिती ऐकली की माझ्या पोटात दुखतं. मी सांगितलं, "नाही काका, तिथे मशीनगनची तोंडं आहेत. धूळ, दमट हवा आत जाऊ नये, वर गेल्यावर गोठू नये म्हणून कापड चिकटवायचे. पहिली फैर झाडली की ते फाटायचं."

"म्हणजे पॅचच की."

यावर काय बोलणार?

"तुमचा कॅमेरा भारी दिसतोय. विमानाच्या नाकावरचा पंखा फिरताना येईल का?"

"काका, पंखा बंद आहे."

"ते दिसतंय मला. फोटोत म्हणतोय मी. मोठ्या फोटोंमध्ये कसा गोल गोल, धुरकट येतो!"

आता हे त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. उडत्या विमानाचा पंखा धुरकट यावा म्हणून फोटोवाले मुद्दाम शटर संथ ठेवतात. माझं शटर त्याहूनही कितीतरी संथ. तरी माझ्या स्क्रीनवर पंख्याचं पातं न् पातं कोरल्यासारखं, आणि धुरकट, गोल गोल आले होते फक्त काका. सगळ्या फोटोंत. हातवारे करून माहिती सांगतात ना.

"जाऊ दे," काका म्हणाले, "माझ्या मोबाईलवर एक काढा. विमान पूर्ण आलं पाहिजे हं."

मोबाईल हातात कोंबून ते वळले आणि खणखणीत आवाजात ओरडले, "अहो, सरका जरा सगळे! फोटो काढतायत!"

आणि सगळे सरकले! सेल्फी स्टिकवाले, कडेवरची मुलं, सगळे. ज्याने माझा ट्रायपॉड ठेवून घेतला होता तो रखवालदारसुद्धा लगबगीने आला आणि बादली उचलून घेऊन गेला. चाळीस मिनिटं मी सभ्यपणे उभा होतो, तेव्हा हा माणूस कुठे होता?

मी बटण दाबलं. नाकापासून शेपटीपर्यंत अख्खं स्पिटफायर, मागेपुढे एक माणूस नाही, डाव्या कोपऱ्यात हात पाठीमागे बांधून काका, एकदाचे स्थिर. त्या दिवसातला एकमेव फोटो, ज्याला मी फोटो म्हणेन.

काकांनी मोबाईल लांब धरून पाहिला. दोन बोटांनी स्वतःला मोठं केलं.

"विमानच जास्त आलंय हो," ते म्हणाले, आणि माझ्यादेखत डिलीट केला.