निळी म्हणजे कुठली, ते मीच विचारायला हवं होतं

नमस्कार ताई, मी टोपीच्या दुकानाचा मालक. तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून आज सकाळी मशीन चालू करायच्या आधी लिहायला बसलोय. तुम्ही मराठीत लिहिलंय म्हणून मीही मराठीतच लिहितो. बाकी कोणी वाचत असेल तर त्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताईंच्या सासऱ्यांचा, आबांचा, ७५वा वाढदिवस होता. फोनवर त्यांनी 'ब्रूअर्सची निळी टोपी, बॉल-ग्लोव्हवाली' सांगितली (ब्रूअर्स म्हणजे आमच्या मिलवॉकीची बेसबॉल टीम, बॉल आणि ग्लोव्ह म्हणजे हातमोजा हा तिचा लोगो), मागच्या बाजूला 'आबा' आणि '८२' दोऱ्याने भरून मागितलं. बॉक्स उघडला तर टोपी काळपट निळी. आबांनी हातात घेतली, 'ही आपली नव्हे' म्हणाले आणि बाजूला ठेवली. ताई परत करायला आल्या तर काउंटरवरच्या मुलाने नाव भरलेला माल परत घेत नाही असं सांगितलं, वर हसत विचारलं की या लोगोत एम आणि बी दिसतंय का तुम्हाला. दोन स्टार. आणि शेवटचं वाक्य, जुनाच लोगो रंग बदलून नवा म्हणून विकतात, ही लूट आहे.

ताई, रंगाची चूक माझी. मुलाची नाही, तुमची तर नाहीच. फोन मीच घेतला होता. २०२० पासून ब्रूअर्सची टोपी म्हटलं की नेव्ही, म्हणजे काळपट निळा, हे माझ्या कानात इतकं बसलंय की तुम्ही 'निळी' म्हणालात आणि मी सरळ नेव्ही लिहून टाकलं. 'निळी म्हणजे उजळ रॉयल की नेव्ही' एवढं विचारायला काय जात होतं. त्यात तुम्ही ८२ भरायला सांगितलेलं! मिलवॉकीत टोपीवर ८२ मागणाऱ्या माणसाला कुठला निळा हवा असतो हे मला कळायलाच हवं होतं, कारण १९८२ ला ही टीम वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची फायनल, खेळली ती रॉयल ब्लू आणि पिवळ्यात, सेंट लुइसशी सातव्या मॅचपर्यंत जाऊन हरली, आणि त्यानंतर आजपर्यंत परत वर्ल्ड सिरीजला गेली नाही. तुम्ही लिहिलंय की आबा १९७९ ला इथे आले आणि जुन्या काउंटी स्टेडियममध्ये मॅच बघायचे. त्यांच्या डोळ्यात जो निळा आहे तो तोच. ते 'ही आपली नव्हे' म्हणाले ते अगदी बरोबर म्हणाले.

आता त्या मुलाचं. त्याच्याशी मी बोललोय. त्याला तुम्हाला हसायचं नव्हतं, तो लोगोच्या प्रेमात आहे आणि भेटेल त्याला दाखवत असतो, पण तुम्ही तक्रार घेऊन उभ्या असताना ती वेळ नव्हती आणि तुम्हाला लोकांसमोर अवघडल्यासारखं झालं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. ते एम-बी प्रकरण मलासुद्धा दुकान सुरू करून दोन वर्षं झाल्यावर एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने बोट ठेवून दाखवलं होतं. ग्लोव्हची वरची बोटं म्हणजे स्मॉल एम, खाली अंगठा आणि तळवा मिळून स्मॉल बी, आणि बॉल बरोबर त्या बीच्या पोटात. मिलवॉकी ब्रूअर्स. ओ क्लेअरच्या युनिव्हर्सिटीत आर्ट शिकणाऱ्या टॉम माइंडेल नावाच्या पोराने स्पर्धेत पाठवलेलं डिझाइन आहे ते, २००० डॉलर बक्षीस मिळालं आणि १९७८ पासून टीमच्या डोक्यावर गेलं. जन्मभर मॅच बघणाऱ्या कित्येकांना ती अक्षरं दिसलेली नसतात, त्यात कमीपणा काही नाही.

पण 'लूट' हा शब्द मला मान्य नाही, तेवढं बोलू द्या. १९९४ ला टीमने हा लोगो काढला आणि नेव्ही, हिरवा, सोनेरी असं काहीतरी आणलं, मग २००० ला ते जवाच्या लोंबीवालं एम आलं. लोक मात्र ग्लोव्ह सोडायला तयार नव्हते, टीम स्वतः मधूनमधून खास दिवसांना तो घालायची आणि माझ्याकडेही म्हातारेकोतारे सोडा, कॉलेजची पोरं तोच मागायची. शेवटी नोव्हेंबर २०१९ ला, पन्नासाव्या सीझनसाठी, तो सुधारून कायमचा परत आणला. त्या आठवड्यात माझ्या काउंटरवर दोन पार्ट्या पडल्या होत्या. साठीच्या पुढचे म्हणायचे ग्लोव्ह आणलात तर रॉयलही आणायचा की, अर्धंच काय परत देता. पोरं म्हणायची नेव्ही ठेवला तेच बरं केलं, कारण त्यांनी जे काही बघितलं, २००८ ला सव्वीस वर्षांनी प्लेऑफ, २०११ ला पुन्हा, २०१८ ला लॉस एंजेलिसशी सातव्या मॅचपर्यंतची लढत, ते सगळं नेव्हीत. मला स्वतःला रॉयल जास्त आवडतो. माझं बालपण इचलकरंजीत मागाच्या खडखडाटात गेलंय, रंग एक छटा इकडचा तिकडे झाला की अख्खा तागा परत यायचा, त्यामुळे मला तो फरक बोचतो. तरी त्या पोरांचा निळा खोटा आहे असं मी म्हणू शकत नाही. आणि नवा माल भरला तो हिवाळ्यात, मार्चमध्ये करोनामुळे सगळं बंद पडलं, सीझन झाला ६० मॅचचा, रिकाम्या स्टेडियममध्ये. खोकी तशीच पडून होती. लुटायला कोणी आलंच नव्हतं ताई.

परत न घेण्याचा नियम का आहे तेही सांगतो. तुम्ही म्हणालात नाव उसवा आणि टोपी ठेवून घ्या. उसवता येतं, दोरा निघतो, पण सुईची भोकं राहतात आणि उजेडात धरलं की 'आबा' ची शिरोरेषा तशीच दिसते. या टीमचा जन्मच तसा आहे. १९७० ला सिॲटल पायलट्स नावाची टीम दिवाळखोरीत निघाली, सीझन सुरू व्हायला आठवडासुद्धा नव्हता तेव्हा ती मिलवॉकीला आली, नवे कपडे शिवायला वेळ कुठला, मग पायलट्सच्याच जर्सीवरची अक्षरं उसवून त्या जागी ब्रूअर्स शिवलं, आणि ७ एप्रिलला खेळायला उतरले तर जुन्या अक्षरांची खूण दिसत होती. तो निळा-पिवळा रंगही तसाच सिॲटलहून आलेला. मी शिवणारा माणूस आहे, मला त्या गोष्टीत ती उसवायला बसलेली माणसंच दिसतात, रात्र रात्र ब्लेड चालवणारी.

तर नियम राहू दे, तुमच्या बाबतीत तो लागू नाही कारण चुकीचा माल आम्ही दिला. जुन्या डिझाइनचा अधिकृत माल वेगळा येतो, कूपर्सटाऊन कलेक्शन म्हणून, होलोग्रामच्या स्टिकरसकट. त्यातली रॉयल ब्लू, पिवळ्या ग्लोव्हवाली टोपी मी काल रात्रीच मागवली आहे. समोरच्या लोगोला आम्ही हात लावत नाही, तो हक्क आमचा नाही, पण मागे 'आबा' आणि '८२' मी स्वतः भरणार, ग्लोव्हच्याच पिवळ्या दोऱ्यात. पैसे काही नाही. नेव्हीवाली परत आणू नका, घरात कोणी नातवंड असेल तर त्याला होईल.

एक विनंती. आबांना जमत असेल तर त्यांनाच घेऊन या, शनिवारी सकाळी मी मशीनवर असतो. दोन-तीन पिवळे दोरे काढून ठेवतो, टोपीवर धरून बघू दे त्यांना, ते म्हणतील तो लावू.