बेस कोचचा हात आणि पंचांचा निर्णय

बेसबॉलमध्ये फलंदाजी करणाऱ्या संघाचे दोन कोच सामना चालू असताना मैदानातच उभे असतात, एक पहिल्या बेसजवळ आणि एक तिसऱ्या. (बेस म्हणजे धाव पूर्ण करण्यासाठी क्रमाने गाठायची ठाणी.) क्रिकेटमध्ये प्रशिक्षकाची जागा सीमारेषेबाहेर असते. इथे चेंडू खेळात असताना कोच रनरपासून, म्हणजे बेसवरून धावणाऱ्या खेळाडूपासून, हाताच्या अंतरावर असतो. त्याने ओरडावे, हात फिरवून रनरला पुढे धाडावे, दोन्ही तळवे दाखवून थांबवावे, एवढी मुभा त्याला आहे. मात्र पंचांच्या मते त्याने रनरला स्पर्श करून किंवा धरून बेस सोडण्यास अथवा बेसवर परतण्यास शारीरिक मदत केली असेल, तर रनर बाद ठरतो, असे मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या नियमावलीतील नियम ६.०१ सांगतो. ‘पंचांच्या मते’ या शब्दांमुळे नियम ढिला होतो, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. मला ती मान्य नाही. हा नियम न्याय्य ठरतो तो याच शब्दांमुळे, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. चेंडू आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात, गेला आहे, रनर पूर्ण वेगाने तिसरा बेस ओलांडून होम प्लेटकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या ठाण्याकडे, वळला आहे आणि तेवढ्यात कोचला दिसते की थ्रो लवकर येतो आहे. तो थांबण्याची खूण करतो, पण रनरला वेग आवरत नाही आणि दोघे एकमेकांवर आदळतात. कोचने स्वतःला सावरण्यासाठी हात पुढे केले असतील, तर तो अपघात आहे. त्याच हातांनी रनरचे खांदे धरून त्याला बेसकडे ढकलले असेल, तर ती मदत आहे, आणि या दोहोंमधले अंतर अर्ध्या सेकंदाहूनही कमी असते. बेसवर उभ्या असलेल्या रनरच्या पाठीवर मारलेली थाप, किंवा होम रननंतर तिसऱ्या बेसवरून जाताना दिलेली टाळी, यांना कोणी मदत म्हणणार नाही. स्पर्श झाला की रनर बाद, असा सरसकट नियम केला असता तर या टाळीसाठीही त्याला बाद द्यावे लागले असते. म्हणून पंचांनी एकच प्रश्न विचारायचा असतो : या स्पर्शामुळे रनरचा वेग किंवा दिशा बदलली का?

या प्रश्नात हेतूला जागा नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. फेकलेला चेंडू चुकून कोचला लागला तर खेळ चालूच राहतो. कोचने त्या थ्रोमध्ये अडथळा आणला तरच रनर बाद होतो. तिथे हेतू पाहणे योग्यच आहे, कारण चेंडू कुठून येईल हे कोचच्या हातात नसते. पण हेतू ओळखणे किती अवघड असते, हे १९७८ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, चौथ्या सामन्यात दिसले. डॉजर्सच्या बिल रसेलचा थ्रो यांकीजचा रनर रेजी जॅक्सनच्या कमरेला लागून दुसरीकडे गेला, पंचांनी तो मुद्दाम केलेला अडथळा मानला नाही आणि त्या निर्णयावर आजही वाद होतो. तो प्रसंग रनरचा होता, कोचचा नव्हे. पण मनातले ओळखण्याची अडचण तीच आहे. रनरला धरण्याच्या बाबतीत नियमाने पंचांना या अडचणीतून मोकळे केले आहे. कोचचे हात काय करत होते, एवढेच त्यांनी पाहायचे.

‘सामन्याचा निकाल खेळाडूंनी ठरवावा, पंचांनी नव्हे,’ हा युक्तिवाद शेवटच्या इनिंगमध्ये हमखास पुढे येतो. परंतु पहिल्या इनिंगमध्ये जी मदत बेकायदा आहे, ती नवव्यात कायदेशीर कशी होईल? २६ ऑक्टोबर २०१३ रोजी सेंट लुईसमध्ये वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये बोस्टनचा क्षेत्ररक्षक विल मिडलब्रुक्सला अडखळून सेंट लुईस कार्डिनल्सचा रनर ॲलन क्रेग पडला, तेव्हा तिसऱ्या बेसवरील पंच जिम जॉइस यांनी तत्काळ ‘ऑब्स्ट्रक्शन’ दिले. क्रेगला होम प्लेट बहाल झाली आणि कार्डिनल्सने सामना ५-४ असा जिंकला. नियम क्षेत्ररक्षकाच्या अडथळ्याचा होता, पण तिथेही हेतू विचारात घ्यायचा नसतो, आणि जॉइस यांनी प्रसंगाच्या वजनाने दबून न जाता जे पाहिले तेच दिले. तेच धैर्य कोचच्या हाताबाबतही दिसले पाहिजे.

माझी खरी काळजी मात्र दोन पंचांवर चालणाऱ्या शालेय आणि स्थानिक सामन्यांची आहे. तिथे प्लेटमागच्या पंचाला रनरने तिसऱ्या बेसला पाय लावला का हे पाहून लगेच होम प्लेटवरच्या टॅगसाठी (चेंडूने रनरला स्पर्श करून बाद करण्याचा निर्णय देण्यासाठी) जागा घ्यावी लागते, तर दुसरा पंच बहुधा मागून येणाऱ्या रनरमध्ये गुंतलेला असतो. तिसऱ्या बेसवरच्या कोचकडे पाहायला कोणीच उरत नाही, आणि काही कोच याचा पुरेपूर फायदा घेतात. अशा वेळी न पाहिलेल्या गोष्टीवर अंदाजाने रनरला बाद देणे चूकच ठरेल. म्हणून सामन्यापूर्वीच्या बोलण्यात दोन्ही पंचांनी रनर, बेस आणि चेंडू यांच्याबरोबर कोचची जबाबदारीही वाटून घ्यावी. आणि असा निर्णय दिल्यावर नेमका कोणता स्पर्श मदत ठरला, हे दोन्ही संघांच्या मॅनेजरांना तिथल्या तिथे एका वाक्यात सांगावे. मेजर लीगमधील पंच २०२२ पासून रिप्लेचा निकाल मायक्रोफोनवरून प्रेक्षकांना सांगतात. कोचच्या हस्तक्षेपाचा निर्णयही तसाच सांगितला जावा, अशी माझी मागणी आहे.