‘विदर्भात गाडीला हीटर कशाला?’ या संदेशाचा प्रतिवाद

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या आमच्या भागातील मंडळींच्या मोबाइलवर दर हिवाळ्यात एक संदेश फिरतो. विदर्भासारख्या तापत्या मुलखात हीटर हे निव्वळ ओझे आहे, तो बिघडला तर इंजिनचे गरम पाणी त्याच्यात आणणारी आणि परत नेणारी अशा त्याच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून मोकळे व्हावे, गळती असेल तर रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकावी, इंजिनच्या पाण्याचे तापमान राखणारा थर्मोस्टॅट काढून ठेवला की इंजिन थंड राहते आणि हीटर बंद झाल्याने पेट्रोलही वाचते, असे त्यात ठामपणे लिहिलेले असते. दर्यापूर तालुक्यातील आमच्या घरी वडिलांनी घेतलेली अॅम्बेसेडर अजूनही चालती आहे. यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला तिच्यावर एकदा तरी आजमावला गेला आहे, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पेट्रोलचा मुद्दा आधी निकाली काढतो. हीटर इंजिनच्या पाण्यातली उष्णता वापरतो, आणि ती उष्णता एरवी रेडिएटरमधून वाऱ्यावर जाणारच असते. वीज लागते ती फक्त पंख्याच्या छोट्या मोटरला. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवर भार टाकतो, तसा भार हीटर टाकत नाही.

आता हवामानाचे. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते, आणि उघड्या शिवारातून पहाटे कापूस घेऊन निघणाऱ्याला आपल्याकडची थंडी वेगळी सांगावी लागत नाही. तरीही माझ्या मते थंडीपेक्षा पावसाळा महत्त्वाचा आहे. परतवाड्याहून सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला श्रावणात चढताना समोरची काच आतून धुरकटते, आणि वळणावर एका हाताने फडके फिरवत गाडी चालवणे जिवावर बेतू शकते. हीटरची गरम हवा काचेवर सोडली की काच तापते आणि तिच्यावर दव धरत नाही. उन्हाळ्यातही हीटर कामाचा आहे, कारण त्याचा कोअर म्हणजे एक लहान रेडिएटरच असतो. घाटात तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला तर हीटर पूर्ण उघडून पंखा जोरात लावावा; आत बसणाऱ्यांना घाम फुटतो, पण सावलीची जागा गाठेपर्यंत इंजिनला आधार मिळतो. नळ्या जोडून टाकणारा माणूस हा आधार स्वतःहून गमावतो.

हळदीविषयी मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. हळद गळती थांबवते हे खरे आहे, कारण तिची पूड पाण्यात फुगून बारीक भोके बुजवते. परंतु गळके भोक कोणते आणि पाणी वाहण्याची वाट कोणती, हे तिला कळत नाही. आमच्या गाडीत एका मेकॅनिकने ती टाकली, पंधरवडाभर गळती थांबली, मग हीटर थंड पडला आणि पुढच्या मे महिन्यात रेडिएटर उकळून इंजिनचा सांधा बंद ठेवणारे हेड गॅस्केट गेले. कोअर उघडला तेव्हा त्याच्या नळ्यांत गंज आणि हळद यांचा घट्ट चिखल बसलेला होता. त्यातला गंज आमच्याच पाण्याचा होता. पूर्णेच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांचा मोठा भाग खारपाण पट्ट्यात येतो. तिथल्या बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये घातले तर आत चुन्यासारखा थर जमतो, बिडाचा ब्लॉक गंजतो आणि तो गंज वाहत जाऊन सर्वांत अरुंद जागी, म्हणजे हीटरच्या कोअरमध्ये साचतो. त्यामुळे हीटर थंड पडणे हा पुष्कळदा इंजिनच्या पाण्याविषयीचा पहिला इशारा असतो. बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी आणि गंजरोधक कूलंट समप्रमाणात घातल्यास हा त्रास बव्हंशी टळतो.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्लाही असाच अर्धवट आहे. त्याची झडप पाणी ठरावीक तापमानाला पोचेपर्यंत बंद राहते. ती काढली तर हिवाळ्यात इंजिन लवकर तापत नाही, चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी कळ, जास्त वेळ ओढावा लागतो, न जळलेले पेट्रोल तेलात उतरते आणि हीटरमधून कोमट हवा येते. म्हणजे पेट्रोल वाचवण्याच्या नावाखाली पेट्रोलच वाया जाते. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात टांगून पाणी तापवावे. उकळी फुटेपर्यंतही तो उघडला नाही तर बदलावा.

राहिली दुरुस्तीची ‘भानगड’. इंजिन तापल्यावर हीटरचा नळ उघडून दोन्ही नळ्यांना जपून हात लावावा. दोन्ही गरम असूनही आत गरम हवा येत नसेल तर दोष पंख्यात, फ्यूजमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा हवेची झडप हलवणाऱ्या केबलमध्ये आहे. एक गरम आणि एक गार असेल तर कोअर तुंबला आहे. इंजिन निवल्यावर नळ्या काढून, परतीच्या तोंडातून हलक्या दाबाने पाणी सोडून तो उलटा धुवावा. दोन्ही गार असतील तर नळ गंजून अडकलेला असतो, पाणी कमी असते किंवा आत हवा अडलेली असते. अशा वेळी गाडीचे तोंड चढावर ठेवून, हीटरचा नळ उघडा ठेवून, थंड इंजिनात सावकाश पाणी भरले की हवा निघून जाते. पायाखालची चटई ओली होत असेल आणि काचेवर चिकट, गोडसर वासाची वाफ धरत असेल तर कोअर फुटला आहे. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याचा अॅम्बेसेडरचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, तेव्हा नवा कोअर शोधत हिंडण्यापेक्षा तांब्या-पितळेचा जुना कोअर रेडिएटरवाल्याकडून झाळून घेणे मला अधिक योग्य वाटते. झाळल्यावर त्यात थोडी हवा भरून पंक्चरवाल्याच्या टपात बुडवावा. बुडबुडे आले नाहीत तरच तो गाडीत बसवावा.

नळ्या एकमेकींना जोडणे मला एकाच प्रसंगी मान्य आहे. मेळघाटच्या जंगलातील सेमाडोहच्या रस्त्यावर कोअर फुटला आणि जवळ गॅरेज नसले, तर ती जोडणी करून घर गाठावे आणि दुसऱ्या दिवशी कोअर काढून झाळायला द्यावा.