मोठ्या टीव्हीचा सौदा कसा पारखावा

मोठ्या पडद्याच्या टीव्हीचा सौदा फायद्याचा आहे की नाही, हे टीव्हीकडे पाहून कधीही ठरवू नये. टीव्हीकडे पाहिले की चित्र, रंग, आवाज असल्या गौण बाबींत मन गुंतते आणि छापील किमतीवर मारलेली काट किती ऐटदार आहे, हा मुख्य मुद्दा नजरेआड होतो. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. मात्र टीव्हीवर ती मुळात किती छापावी, हे उत्पादकाच्या मनावर असते. तेव्हा १ लाख १० हजारांचा टीव्ही ५२ हजारांना मिळाला, तर आपण ५८ हजार रुपये वाचवले असे धरून चालावे आणि रात्री जेवताना घरात तसेच सांगावे. तो १ लाख १० हजारांना आजवर कोणी घेतला होता का, असे विचारणाऱ्या माणसाला कोणत्याच खरेदीचा आनंद मिळत नाही.

खरेदीला दिवस शुभ हवा. आपल्या पूर्वजांनी साडेतीन मुहूर्त सांगून ठेवले. शोरूमवाल्यांनी त्यांत १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीची भर घालून ते साडेपाच केले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा टीव्ही दहा टक्के स्वस्त झाला असे सर्वांना सांगत सुटावे. १२८ रुपयांचे ११८ झाले म्हणजे घट आठ टक्क्यांचीही नव्हे, हे गणित चौथीच्या मुलाला येते, पण सणासुदीला मुलांना मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू देऊ नये.

भाव मात्र किमान तीन ठिकाणी काढावा, कारण पुण्याची तशी रीत आहे. तापकीर गल्लीत विचारावे, लक्ष्मी रस्त्यावर विचारावे आणि मग कर्वे रस्त्यावरच्या थंडगार शोरूममध्ये उभे राहून मोबाइलवर तोच टीव्ही शोधावा. तो सापडणार नाही. दुकानातल्या मॉडेलचा क्रमांक आणि ऑनलाइन मॉडेलचा क्रमांक यांत शेवटच्या एकदोन अक्षरांचा फरक असतो, आणि भावांची तुलना होऊ नये याची सोय त्या अक्षरांत पुष्कळदा केलेली असते. अशा वेळी हताश न होता, आपल्याला मिळणारा भाव अतुलनीय आहे, असा निष्कर्ष काढावा.

आता प्रत्यक्ष पाहणी. शोरूममधली टीव्हीची भिंत खिडकी नसलेल्या भागात असते आणि तिच्यावरचे सगळे पडदे दुकानासाठी राखलेल्या सेटिंगवर लावलेले असतात, ज्यात उजेड शेवटच्या टोकाला नेलेला असतो आणि पोपटाचा हिरवा रंग खुद्द पोपटालाही पटणार नाही इतका गडद केलेला असतो. त्यावर सावकाश ओघळणारा मध, समुद्रातले प्रवाळ, ज्वालामुखीचा रस अशी दृश्ये चालू असतात. ती खास त्याच कामासाठी चित्रित केलेली असल्यामुळे कोणत्याही पडद्यावर उत्तम दिसतात. ती पाहून भारावून जावे. शेजारी उभा असलेला मुलगा दुकानाचा नसून पुष्कळदा एखाद्या कंपनीने ठेवलेला असतो. तरी सगळ्या कंपन्यांबद्दल त्याचे मत निःपक्षपातीपणे ऐकून घ्यावे. ‘जरा सेट टॉप बॉक्स लावून एखादे मराठी बातम्यांचे चॅनल दाखवा’ अशी अरसिक मागणी त्याच्याकडे करू नये, आणि सेटिंग साधे करून दाखवायला तर मुळीच सांगू नये. दुपारी बाल्कनीच्या सरकत्या दारातून येणारे ऊन समोरच्या चकचकीत पडद्यावर पडले की त्यात आपणच सोफ्यावर बसलेले दिसतो, हे घरी गेल्यावर यथावकाश कळतेच.

बातम्यांचे चॅनल का पाहू नये, याला गणिती कारण आहे. साध्या, म्हणजे एसडी चॅनलच्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदू असतात. फोरके पडद्यावर ते ३,८४० आणि २,१६० असतात. गुणाकार केला तर एका बाजूला ४ लाख १४ हजार ७२० आणि दुसऱ्या बाजूला ८२ लाख ९४ हजार ४०० येतात, म्हणजे बरोबर वीसपट. याचा अर्थ, चॅनलकडून एक बिंदू येतो आणि उरलेले एकोणीस टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरतो. निवेदिकेचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसतो तो या अंदाजामुळे. अर्थात सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे अँटेना वळवत गच्चीवरून ‘आलं का?’ असे ओरडण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांनी मुंग्यांमधूनही मालिका पाहिल्या आहेत. त्यांची तक्रार असण्याचे कारण नाही.

बरे, खऱ्या फोरकेचे चित्र मिळाले असे समजू. सामान्य दृष्टीच्या माणसाला ५५ इंची पडद्यावर फुल एचडी आणि फोरके यांतला फरक साधारण सात फुटांच्या आतच कळतो. त्यापलीकडे दोन्ही सारखीच दिसतात. आपला सोफा नऊ फुटांवर भिंतीला टेकलेला आहे, आणि तो पुढे ओढला तर स्वयंपाकघराची वाट बंद होते. म्हणून घरी टेप लावून अंतर मोजण्याचा मोह टाळावा. टेप हातात आलीच तर माणूस टीव्हीचे युनिटही मोजायला लागतो, आणि पडद्याचे इंच तिरपे मोजतात पण सुताराने केलेला कोनाडा सरळ मोजावा लागतो, हे त्याच्या ध्यानात येऊन घरात अकारण उदासी पसरते. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो, ६५ इंची सुमारे १४४; मधल्या ४९ सेंटिमीटरांत आजवर काचेचे दार, भेट मिळालेली पितळी समई आणि मुलाचे चषक सुखाने नांदत होते. त्यांचे काय करायचे ते खोके जिना चढून आल्यावर पाहावे. पेठेतल्या वाड्यात राहणाऱ्यांनी तर जिन्याचे वळणही तेव्हाच पाहावे.

खोक्यावरचे आकडे आणि नावे वाचताना प्रश्न विचारू नयेत. क्यूएलईडी म्हणजे मागून दिवे लावलेला एलसीडीच, फक्त रंग सुधारणारा एक थर त्यात जास्त असतो. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. दोन्ही नावे सारखीच ऐकू येतात, तेव्हा स्वस्त असेल ते घेऊन महागाचे नाव सांगावे. हर्ट्झच्या, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याच्या, जागी २४० असा दणदणीत आकडा दिसला तर पॅनेलचा खरा आकडा ६० आहे की १२०, हे कंपनीच्या माहितीपत्रकात शोधू नये. एचडीआरचे, म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्राचे, चिन्ह दिसले की समाधान मानावे. ते चित्र टीव्ही स्वीकारतो एवढेच त्या चिन्हावरून कळते, दाखवण्याइतका उजेड त्याच्याकडे आहे का, हे कळत नाही.

पैसे हप्त्यांनीच द्यावेत. बिनव्याजी हप्ता ही पुणेकराच्या स्वभावाला शोभणारी गोष्ट आहे, जरी शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना लेखी कळवले होते. ६० हजारांचा टीव्ही क्रेडिट कार्डावर ५ हजारांच्या बारा हप्त्यांत घेतला आणि बँकेचा दर १५ टक्के असला, तर सुमारे ४,६०० रुपये व्याज आकारले जाते आणि तेवढीच सूट किमतीत दाखवली जाते. हिशेब चोख जुळतो. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ८३० रुपये, आणि वर प्रक्रिया शुल्क, एवढेच आपल्या खिशातून जाते. रोख देणाऱ्याला हे ४,६०० रुपये कमी कराल का, असे दुकानदाराला विचारणे असभ्यपणाचे आहे. कदाचित तो हो म्हणेल आणि मग हप्त्यांचा सगळा आनंद जाईल. वाढीव वॉरंटी मात्र अवश्य घ्यावी आणि तिच्या अटी पडदा फुटल्यावरच वाचाव्यात.

टीव्ही भिंतीवर चढल्यानंतर त्याचा भाव पुन्हा कधीही पाहू नये. शेजारच्या देशपांडे काकांनी पंधरा दिवसांनी तोच टीव्ही ४ हजार कमी देऊन घेतला, तर त्यांच्या मॉडेलचे शेवटचे अक्षर विचारून घ्यावे. ते बहुधा वेगळे निघेल. मग ‘काका, तुमचं पॅनेल जरा वेगळं आहे’ एवढेच शांतपणे म्हणावे आणि या पातळ टीव्हीचा आवाज त्यांनाही नीट ऐकू येत नसेल, तर दोन साउंडबार एकदम घेतल्यास काही कमी होईल का, याची चौकशी त्यांनाच करायला सांगावी.